तुझी डावी की माझी डावी

"आ करा," डॉक्टरीण फुलाला म्हणाली.

फूल बिचारं सकाळपासून आ करूनच बसलं होतं. पण तीस वर्षांची सवय. समोर तोंड दिसलं की हिच्या तोंडून तेवढंच निघायचं. दवाखान्याच्या मागच्या भिंतीपाशी ती उकिडवी बसली होती. अंगात पांढरा कोट, हातात निळे हातमोजे, गळ्यात कॅमेरा. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, बाईचा सोन्याचा दात पडलाय इथं कुठं तरी.

कॅमेरा खरं तर दातांसाठी घेतलेला. त्याचं भिंग असं की दाढेतला खड्डा विहिरीएवढा दिसावा, आणि भिंगाभोवती गोल दिवा, म्हणजे तोंडाच्या गुहेत सावली पडायला नको. पण स्वतःच्या दाढेचा फोटो पाहून आजवर एकही माणूस 'वा' म्हणाला नव्हता. फुलं तशी नव्हती. तांदळाच्या कणीएवढं रानफूल त्या भिंगाखाली आलं की असं काही उलगडायचं, जणू राजाची राणी पदर सावरत बाहेर आली.

शिवाय फुलांचं पुस्तक उघडलं तर तिथं सगळी ओळखीचीच मंडळी. पहिल्या पानावर ओठ. काही फुलांना वरचा ओठ नि खालचा ओठ असतो म्हणे. पुढं घसा. आणि पाकळ्यांखालच्या हिरव्या वाटीला चक्क दात. पाच दात, असं वाचलं तेव्हा ती पुस्तकालाच म्हणाली होती, "पाचच? आणि त्यातले किडके किती?"

तर फुलांचा नाद तिला होता. पण तो फुलांसाठी लागला असं जर कोणी म्हणेल, तर ते साफ खोटं. नाद लागला ताईसाठी.

ताई तिची सख्खी थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. चौतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला जागा व्हावा आणि पुढच्या बाकावरच्या जाग्याला वाटावं, झोपलो असतो तर बरं. आणि ही ताई धाकटीशी तीन वर्षं बोलत नव्हती. कारण एक दाढ.

झालं असं होतं. ताईच्या खालच्या दाढांपैकी दोन बिघडलेल्या, एक इकडची, एक तिकडची. दोन्ही दिसायला सारख्याच भिकार. एक ठणकत होती, दुसरी गप्प होती. ताई खुर्चीत बसली. धाकटीनं विचारलं, "कुठली गं?"

"डावी," ताई म्हणाली.

धाकटीनं डावी काढली. दुखायचं थांबलं नाही.

"अगं, मी डावी म्हणाले होते!"

"मग डावीच काढली की!"

"तुझी डावी म्हणाले मी! समोरच्याची! माझी कशाला म्हणेन?"

ताईचं खरं होतं. चौतीस वर्षं ती वर्गाकडं तोंड करून उभी राहिलेली. फळ्यावर चित्र काढून 'डावीकडं बघा' म्हणायची, ते मुलांच्या डावीकडं. स्वतःची डावी तिला घरी गेल्यावरच आठवायची. आणि धाकटीचंही खरं होतं. दातांच्या धंद्यात डावी म्हणजे खुर्चीत बसलेल्याची डावी, उभ्या असलेल्या डॉक्टरची कधीच नाही. ते पहिल्या वर्षाला शिकवतात. म्हणजे बहिणी किती गुणाच्या बघा! हिनं तिची बाजू घेतली, तिनं हिची घेतली, आणि दोघींच्या समजूतदारपणात मधल्या मधे चांगली दाढ गेली. नुसतं मसाला भरून भागलं असतं तिचं.

तरी एवढ्यावर मिटलं असतं. पण ताई उठली, तोंडात कापसाचा बोळा तसाच, आणि बोट रोखून गरजली, "तुफ्या दवाफान्याफी फायरी फुन्हा फढणार नाही!"

आणि धाकटी हसली. तिचा इलाज नव्हता. फिसकन आलं ते थेट बाहेर आलं.

ताईनं बोळा काढून टेबलावर ठेवला. मग अगदी स्वच्छ उच्चारात म्हणाली, "दात काढलास ते एक वेळ सोडते. पण माझ्यावर दात काढलेस, ते नाही विसरणार." आणि गेली.

पुढं फोन नाही, पत्र नाही, कुणाकरवी निरोप नाही. थोरलीनं धाकटीवर दात धरला तो धरलाच, आणि धाकटीच्या सगळ्या अवजारांत तो सोडवायचं एकही अवजार नव्हतं.

वाट दाखवली ती चूळमावशीनं. चूळमावशी म्हणजे दवाखान्यातली मदतनीस. दिवसातून साठ वेळा 'चूळ भरा' म्हणायची, म्हणून हे नाव. अवजारं उकळत ठेवता ठेवता ती ओव्या रचायची, त्यातल्या अर्ध्या रोग्यांवर असायच्या आणि सगळ्या त्यांना ऐकू जायच्या.

"बाई," एके दिवशी ती फोन पुढं करून म्हणाली, "तुमच्या ताईसाहेब इथं आहेत बघा. रानफुलं ओळखायचा गट, त्याच चालवतात. लोक फुलाचा फोटो टाकतात, ताईसाहेब नाव सांगतात आणि वर शिव्या देतात."

"शिव्या?"

"म्हणजे सुसंस्कृत. कालच एकाला म्हणाल्या, 'फोटो हलला आहे, तुम्ही फुलाला घाबरलात का?'"

डॉक्टरणीनं त्याच दुपारी 'नवशिकी' अशा नावानं गटात शिरकाव केला आणि पायरीच्या फटीतल्या एका पिवळ्या फुलाचा फोटो टाकला. तीन मिनिटांत उत्तर आलं.

"नुसतं तोंड दाखवू नका. पाठ दाखवा. पान दाखवा. खोड गोल की चौकोनी ते बोटांत फिरवून सांगा."

दोन वर्षांच्या अबोल्यानंतर ताईची एकदम चार वाक्यं! डॉक्टरणीनं ती चार वेळा वाचली. बाहेर रोगी ओळीनं गाल धरून बसले होते.

तेव्हापासून ती सुटली. बस डेपोची भिंत, पोस्टामागची गल्ली, बंद पडलेल्या गिरणीचं आवार. जिथं म्हणून कुणी काही पेरलं नाही तिथं ही गुडघे टेकायची. एका हातानं निळ्या मोज्यात फुलाची हनुवटी धरायची, दुसऱ्या हातानं फोटो. पाठ, पान, खोड, सगळं. वर्षभरात ताईचं 'बरं' तिला अकरा वेळा मिळालं, आणि एकदा 'बरं आहे'. हे 'आहे' कुठून आलं असेल, यावर तिनं दोन दिवस विचार केला होता.

गटात ताईला एकच माणूस जड जायचा. लोक त्याला पाठीमागं लॅटिनराव म्हणत. साध्या गवताला तो लॅटिन नावानंच हाक मारायचा, आणि ताईचं कधी चुकतंय याची वाट बघत बसायचा, मांजर जाळीच्या कपाटापाशी बसतं तसा.

आणि आज हे फूल. दवाखान्यामागं हवेचा पंप होता, दात कोरायच्या यंत्राला हवा पुरवणारा. त्याची लोखंडी पेटी आणि भिंत यांच्यामधे वीतभर फट. त्या फटीतल्या नळीवर एक वेल चढलेली, पांढरी, जरा गुलाबी झाक, इवल्या कर्ण्यांसारखी फुलं. पान हरणाच्या खुरासारखं. हरणपदी, एवढं आता तिलाही कळायला लागलं होतं. साधं तण. पण आठ दिवसांत ताईला पाठवायला दुसरं काही सापडलं नव्हतं.

कॅमेरा फटीत जाईना. तिनं पंपाला खांदा लावून पाहिला, पंप हलेना. मग तिला आपला धंदा आठवला. अक्कलदाढेपर्यंत तरी कॅमेरा कुठं जातो? आपण काय करतो? आरसा घालतो. तिनं आतून तो लांब चकचकीत पोलादी आरसा आणला, फटीत सरकवला आणि आरशातल्या वेलीचे चार फोटो काढले. तोंड, पाठ, पान, खोड. झकास आले. पाठवून ती आत गेली, कारण एक ट्रकवाला गाल सुजवून केव्हाचा बसला होता.

संध्याकाळी हात धुऊन फोन बघते तर गटात आग लागलेली.

ताईनं आधी नुसतं लिहिलं होतं, "थांबा." मग दहा मिनिटांनी, "मंडळी, नवशिकींच्या फोटोतलं खोड बघा. हरणपदी नळीवर चढताना समोरून बघणाऱ्याला खालच्या डावीकडून वरच्या उजवीकडं जाताना दिसते. आजवर मी पाहिलेली प्रत्येक हरणपदी तशीच चढली आहे. ही उजवीकडून डावीकडं चढते आहे. चौतीस वर्षांत मी असं पाहिलं नाही. उलट्या वळणाची हरणपदी. जपा तिला."

खाली लॅटिनराव. "बाई, डावी म्हणजे वेलीची डावी की बघणाऱ्याची डावी? या एका प्रश्नापायी विद्वानांनी एकमेकांची डोकी फोडली आहेत."

ताई: "बघणाऱ्याची. तसं लिहिलं आहे. वाचत चला."

लॅटिनराव: "प्रत्यक्ष न बघताच जाहीर करता? धाडस आहे. तर मग रविवारी सगळेच बघायला जाऊ. मी विद्यापीठातले एक मोठे गृहस्थ सोबत आणतो. नवशिकी, पत्ता कळवा."

आणि सगळ्यात शेवटी, ताईच्या नावापुढं, दोन शब्द. "शाबास, नवशिकी."

डॉक्टरीण खुर्चीत बसली. रोग्याच्या खुर्चीत. शाबास! लहानपणी सायकल शिकवताना ताईनं तिला सोडून दिलं होतं आणि ती न पडता कोपऱ्यापर्यंत गेली होती, तेव्हा ऐकलेला शब्द. त्यानंतर आज. तिनं लॅटिनरावला घाईघाईनं कळवलं, 'पत्ता रविवारी सकाळी देते.' रविवारचं रविवारी बघू. आजचा दिवस तिचा होता.

दुसरे दिवशी ट्रकवाला परत आला. वरच्या दाढांचा फोटो हवा होता, म्हणून डॉक्टरणीनं त्याच्या तोंडात तोच आरसा घातला, फोटो काढला आणि पडद्यावर लावला. चूळमावशी ट्रे घेऊन मागं उभी.

"बाई, यांची किडकी दाढ डावीकडं कशी गेली? काल तर उजवीकडं होती."

"गेली कुठं? आरशातला आहे गं फोटो. उलटवायचा राहिला..."

आणि तिचा हात बटणावर तसाच थांबला.

आरशातला फोटो. आरशातला प्रत्येक फोटो ती उलटवून सुलटा करायची, तीस वर्षं, झोपेतसुद्धा केला असता. दातांचा करायची. फुलाचा केला नव्हता.

"मेले," ती म्हणाली.

"आँ?" ट्रकवाला खुर्चीतून, उघड्या तोंडानं.

"तुम्ही नाही. मी."

"आँऽऽ?"

"आ तसाच ठेवा, आले."

ती मागच्या दारानं धावली. भिंतीला गाल चिकटवून, एक डोळा मिटून फटीत पाहिलं. वेल नळीवर चढली होती, डावीकडून उजवीकडं, शहाण्या मुलीसारखी. जगातल्या सगळ्या हरणपद्यांसारखी. तिला कुणी उलटी म्हटलंय याचा तिला पत्ताही नव्हता.

चूळमावशी मागून आली. तिला दोन वाक्यांत सगळं कळलं. ट्रकवाल्यापेक्षा लवकर कळलं.

"म्हणजे रविवारी ती फौज येणार, सुलटी वेल बघणार, आणि ताईसाहेबांची फजिती."

"चारचौघांत. त्या लॅटिनरावासमोर."

"आणि ताईसाहेबांना कळणार की नवशिकी म्हणजे तुम्ही. आणि परत डाव्या-उजव्याचा घोळ."

"मीठ चोळू नकोस, मावशी."

 मावशीला गप्प बसणं जमत नसे, म्हणून गुणगुणली,

*"उजवी कोणाची गं, डावी ती कोणाची*
*आरशात पाहता, जागा बदले दोघींची."*

"मावशी!"

"बरं, मग सोपं सांगते. उपटून टाका. वेलच नाही तर वळण कसलं? म्हणा, पालिकेचे लोक आले नि तण काढून गेले. ताईसाहेबांचं म्हणणं तसंच राहतं, तो लॅटिनराव हात चोळत बसतो, आणि तुमची शाबासकी तुमच्यापाशी. उपटायचं काम तर तुमच्या हातातलं."

डॉक्टरणीला हे पटलं, हेच वाईट होतं. ती आत गेली, ट्रकवाल्याला "मिटा जरा" म्हणाली, दाढा काढायची मोठी पक्कड उचलली आणि परत आली. फटीत हात घातला. हात गेला, पक्कड गेली. वेलीचं खोड पकडीत आलं, सुतळीएवढं. एक झटका. तीस वर्षांत तिनं किती मोठमोठ्या गड्यांच्या दाढा उपटल्या होत्या, हे तर काय.

तिला आठवलं, हरणपदीबद्दल ताईनंच गटात एकदा लिहिलं होतं. वरून कितीही तोडा, मूळ खाली दोन पुरुष खोल जातं. पुन्हा वर येतं, आणि त्याच वळणानं येतं.

आणि दुसरंही आठवलं. ताईचं एक चांगलंसं असंच या हातानं उपटलं होतं. तेव्हाही घाई होती. तेव्हाही वाटलं होतं, काढलं की झालं. आज ही उपटली तर ताई जन्मभर बरोबर ठरेल, उलट्या वेलीची गोष्ट सांगत राहील, आणि ती गोष्ट खोटी आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक असेल. त्या माणसाचं नाव कायम नवशिकी राहील. ताईला शाबासकी द्यायची असेल ती नवशिकीला देईल. धाकटीला नाही.

तिनं पक्कड सोडली. खोडाला जरासा चिमटा बसला होता, तिथून पांढरं दूध आलं, एक थेंब. "सॉरी हं," ती वेलीला म्हणाली. रोग्यांना ती कधी सॉरी म्हणत नसे.

मग तिथंच उकिडवी बसून तिनं मोजे काढले आणि गटात लिहिलं. ताईला एकटीला नाही, सगळ्यांसमोर.

"उलटी हरणपदी उलटी नाही. फोटो आरशातून काढला होता, तोंडात घालायच्या आरशातून. मी दातांची डॉक्टर आहे, वेल दवाखान्यामागच्या पंपापाशी आहे. फोटो उलटवायचा राहिला. बाईंनी जे दिसलं ते बरोबर ओळखलं, त्यांची काही चूक नाही. डावं-उजवं माझं चुकलं. पूर्वीही एकदा चुकलं होतं. तेव्हा मी कबूल केलं नव्हतं, वर हसले होते. आता दोन्हीबद्दल माफी मागते."

मिनिटभरात लॅटिनरावानं सात हसरी तोंडं पाठवली आणि खाली लॅटिनमधे काही तरी. मग विचारलं, "बाईंचं यावर काय म्हणणं?"

बाईंचं म्हणणं आलं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग पडद्यावर एक करडी ओळ उमटली. तुम्हाला गटातून काढण्यात आलं आहे.

"काढलं," डॉक्टरीण म्हणाली.

"कुणाला?" मावशी.

"मला. मुळापासून."

ट्रकवाला दारात येऊन उभा होता, गळ्यात निळा रुमाल, गाल सुजलेला. "डॉक्टर, माझी काढता का आता? की तुम्हाला वेळ नाही?"

तिनं त्याची काढली. काढण्याआधी तीनदा विचारलं, कुठली. चौथ्यांदा तो चिडला.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला दवाखान्यामागं कुणी तरी खोकलं. डॉक्टरीण खिडकीतून बघते तर पंपाजवळ ताई. पायात बूट, खांद्याला कापडी झोळी, गळ्यात दोरीला बांधलेलं छोटं भिंग. ती खाली बसली, तेव्हा तिचे गुडघे खिडकीपर्यंत ऐकू आले.

डॉक्टरीण धावत बाहेर गेली. जवळ गेल्यावर लवंगाचा वास आला, लवंगाची अख्खी फांदी चघळावी इतका.

"टॉर्च आहे?" ताईनं वर न बघता विचारलं. तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

धाकटीनं खिशातली टॉर्च दिली, तोंडात बघायची. ताईनं फटीत उजेड पाडला, भिंग लावलं, बराच वेळ बघत राहिली.

"सुलटी."

"हो, ताई."

"खोडाला काय झालंय इथं?"

"पक्कड लागली."

ताईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. काय झालं असेल ते तिला कळलं, हे धाकटीलाही कळलं.  पण ताई पुन्हा वेलीकडं वळून म्हणाली, "फोटोत कळीचा पीळसुद्धा उलटा होता. एखादी वेल वेडी निघेल, समजू शकते. पण वेलही वेडी, कळीही वेडी, सगळं खानदान एकाच दिवशी उलटं? पहिल्या वर्षाच्या पोरानं ओळखलं असतं, की हा आरसा आहे."

"मग तू कसं नाही ओळखलंस?"

ताईनं भिंग पदरानं पुसलं. पुसायची गरज नव्हती.

"खात्री करायची तर बघायला यावं लागलं असतं. इथं."

"म्हणजे तुला माहीत होतं? मी आहे ते?"

"हातमोजे घालून फुलाची हनुवटी कोण धरतं गं? पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला वाटलं, हिच्या हाताला एखादं खरंखुरं नवलाचं फूल लागावं. एवढी रांगतेय गटारातून. लागलंसं दिसलं, आणि मी नीट बघितलंच नाही. जाहीर करून मोकळी झाले."

"मग मला काढलंस का?"

"तुला कुठं काढलं? नवशिकीला काढलं. टोपणनावं चालत नाहीत गटात. तिसरा नियम आहे, वाच. स्वतःच्या नावानं ये आणि रांगेत थांब. तुझ्यापुढं दोघं आहेत."

"आणि लॅटिनराव?"

"त्याला सांगितलंय, उद्या ये. सुलटी हरणपदी बघ. त्या मोठ्या गृहस्थांनाही दाखव. म्हणावं, बाई चुकल्या, हे बघा कसं चुकल्या ते. चुकले तर चुकले. चौतीस वर्षांत एकदा चुकायचा हक्क आहे मला." एवढं बोलून तिनं गालावर हात ठेवला. एकाच गालावर. आणि बोलतानाही ती एकाच बाजूनं बोलत होती, हे धाकटीच्या धंदेवाईक नजरेला केव्हाच दिसलं होतं.

"तीच?"

"तीच."

"तीन वर्षं, ताई? दुसऱ्या कुणाकडं तरी जायचंस!"

"जाऊन सांगू काय? की सख्ख्या बहिणीनं भलतीच काढली? घरचं उणं दाराबाहेर नेऊ?"

"मग लवंग चघळत बसलीस!"

"लवंग म्हणजे फुलाची कळी असते, माहीत आहे का तुला?" ताई म्हणाली. "नसेल. तुम्हाला नुसतं तोंडातलं कळतं."

"चल आत."

ताई जागची हलली नाही. "पायरी चढणार नाही म्हणाले होते मी."

धाकटीनं मागच्या दाराकडं बोट दाखवलं. मागच्या दाराला पायरी नव्हती. जमिनीला जमीन लागलेली, अवजारांची गाडी सरळ ढकलता यावी म्हणून. ताईनं उंबऱ्याकडं पाहिलं, कुठं फसवणूक तर नाही ना हे बघितलं, आणि शब्द न मोडता आत गेली.

खुर्चीत बसल्यावर तिनं झोळीतून आपल्या चिकटपट्ट्या काढल्या. वाळवलेली फुलं कागदावर चिकटवायच्या त्या पांढऱ्या पट्ट्या, आणि नाव-गाव लिहायच्या छापील चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर तिनं बारीक सुवाच्य अक्षरात काही तरी लिहिलं आणि पट्टीनं स्वतःच्या गालावर चिकटवलं.

धाकटीनं वाकून वाचलं.

*नाव: ठणकणारी दाढ. स्थळ: हा गाल. ज्याला चिठ्ठी आहे तो. ओळख पटवणारी: मी स्वतः. गोळा करणारी:*

पुढं जागा रिकामी होती.

"सही कर," ताई म्हणाली. "पूर्ण नावानं. आधी सही, मग हत्यार."

धाकटीनं ताईच्या गालावर सही केली. पेनाच्या गुदगुल्यांनी ताईचा गाल दोनदा थरथरला, पण चेहरा तिनं परीक्षागृहातला ठेवला. चूळमावशी कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून उभी होती.

"आणि या खेपेला हसायचं नाही."

"शपथ."

इंजेक्शन दिलं. जीभ, ओठ, अर्धा जबडा बधिर होईतो दोघी बाहेर बघत राहिल्या. खिडकीतून पंपाजवळची फट दिसत होती. ऊन सरकलं होतं, फुलं मिटायला लागली होती. मग धाकटीनं कापूस लावला, चिठ्ठीकडं पाहिलं, चिठ्ठीच्याच बाजूच्या दाढेकडं पाहिलं, पुन्हा चिठ्ठीकडं पाहिलं आणि पक्कड उचलली.

ताईनं हात वर केला. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलीसारखा.

"काय गं? दुखतंय?"

ताईनं मान हलवली. मोठ्या प्रयासानं, कापसातून, अर्ध्या ओठानं, ती म्हणाली, "फाबाफ."

"काय?"

"फाबाफ!" ताई रागावली. "नवफिकीला नाही. फुला! फुला म्हनते, फाबाफ!"

धाकटीनं ओठ दाताखाली घट्ट धरले. शपथ घेतली होती. डोळ्यांत पाणी आलं, नाक फुगलं, खांदे हलायला लागले. तोंडावरचा मास्क भात्यासारखा आत-बाहेर होऊ लागला.

ताईनं तिच्याकडं पाहिलं, खालून, आडवी पडल्या पडल्या. मग चिठ्ठी चिकटवलेला तिचा गालही हलला.

"हफ गं बाई," ती म्हणाली. "हफ."

आणि मग डॉक्टरणीनं आधी दात काढले, पोटभर, आणि मग दात काढला. उजवा, ताईचा उजवा, चिठ्ठीच्या बाजूचा.

"चूळ भरा," मावशी म्हणाली.